धुऱ्यावरचं औषध

१

माझा भाचा अनुप जोड्यासकट माझ्या बैठकीत आला. उंबरठ्याजवळ पायपुसणं होतं, ते त्यानं मेलेलं मांजर ओलांडावं तसं ओलांडलं. ना जयभीम, ना आत्या कशी आहे. पाण्याचा पेला पुढे केला तर हातानं झिडकारला आणि पाणी माझ्या चटईवर सांडलं. अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तो मुकादम आहे. हमालांवर ओरडून ओरडून त्याला वाटायला लागलं आहे की जगातली सगळी माणसं त्याच्याच गासड्या उचलायला जन्मली. या घरात माझ्यासमोर आवाज चढवणारा एकच माणूस होता, माझा नवरा, आणि तोही एकदाच चढवून पस्तावला होता.

अनुप चालून आला होता माझ्या नातीवर, रश्मीवर. रश्मी इथे अमरावतीच्या एका कॉलेजात संशोधन करते. कंबरमोडी नावाचं तण आहे ना, जमिनीला धरून पसरतं आणि लांब दांडीवर एकच पिवळसर फूल काढतं, त्याच्या अर्कानं फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी मरतात का, हे ती काचेच्या चपट्या डब्यांत पाहते. दिवाळीनंतर तिच्या डब्यांतल्या पेशी एका दिवसात मेल्या. कॉलेजवाल्यांनी पेढे वाटले, पेपरात चौकटीत बातमी आली, मी ती कापून धम्माच्या पुस्तकात ठेवली. आणि तिकडे अकोल्याला माझा धाकटा भाऊ पुंजाजी, म्हणजे या अनुपचा बाप, त्याच रोगानं झुरत होता. तीस वर्षं एसटी चालवली त्यानं. स्टेअरिंग सुटलं, बिडी सुटली नाही.

अनुपला ती अर्काची बाटली पाहिजे होती. रश्मीनं त्याला खुर्ची दिली, समजावलं, पुन्हा समजावलं. ते औषध नाही, औषध व्हायला वर्षं लागतात आणि शंभरातली नव्व्याण्णव झाडं मधेच गळतात.

"काका, डबीतल्या पेशी साबनाच्या पान्यानंही मरतात," ती म्हणाली. "मानसाले साबन पाजता का? आजोबाले दवाखान्यात जी बाटली लावतात ना, तेही औषध पयले एका झाडाच्या सालीतूनच काढलं होतं. पन ते थेंब थेंब मोजून देतात. तेच चालू ठेवा."

"बाटल्या कपाटात ठेवा तुमी," अनुप म्हणाला, "अन् माहा बाप सरनावर ठेवा."

तो गेला तेव्हा चटईवर त्याच्या जोड्याचे चिखलाचे ठसे होते. रश्मी रडायला लागली. मला वाटलं त्याच्या बोलण्यानं, तर तिचं दुखणं वेगळंच होतं. डिसेंबरात तिनं कंबरमोडीचं दुसरं पोतं आणलं होतं. त्याच्या अर्कानं एक पेशी मेली नाही. तीनदा करून पाहिलं. आता तिचे सर म्हणतात की पहिले आकडे तिनं मनानं लिहिले. येत्या बुधवारी समितीसमोर उभं राहायचं, आणि जागा आणि नाव दोन्ही जाणार. आमच्या घराण्यात अंगठा टेकवणाऱ्या बायका झाल्या, पण खोटं लिहिणारी झाली नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनुपची बायको भावना होती आणि दबक्या आवाजात बोलत होती. मामाजींची, म्हणजे तिच्या सासऱ्याची, तब्येत फार उतरली आहे, दवाखान्याच्या दोन तारखा चुकल्या, तुम्ही या. मग ती म्हणाली की रश्मीताईच्या औषधानंही गुण नाही.

"कोणत्या औषधानं?" मी विचारलं.

"त्या पाठवून राहिल्या ते. पुड्या. वीस दिवस झाले."

मी रश्मीकडे पाहिलं. तिचे डोळे एका क्षणात कोरडे झाले.

"आजी," ती म्हणाली, "मी कोनाले चिमूटभरही काही देलं नाही."

२

माझी नात खोटं बोलत नाही, हे मला माहीत होतं. पण जे मला माहीत आहे ते समितीला माहीत नसतं. म्हणून मी त्याच दुपारी तिला घेऊनच तिच्या कॉलेजात गेले. आधी हे पाहायचं होतं की कपाटातून माल गेला का.

कपाटाची किल्ली बंडूकडे असते. प्रयोगशाळेचा शिपाई. तोंडाचा फटकळ आहे, पण हिशेबाचा पक्का. मी त्याला सरळ विचारलं की माल बाहेर विकतो का. तो चिडला नाही, वजनकाटा पुढे ओढला आणि रजिस्टर उघडलं. पोतं आलं त्या दिवशीचं वजन, मग कोणत्या तारखेला किती काढलं, खाली सही. उरलेली दोन्ही पोती त्यानं माझ्यासमोर एकेक करून काट्यावर ठेवली. आकडे जुळले. मला अक्षरं अडखळतात, आकडे नाही. बाजार चाळीस वर्षं मीच केला आहे.

मी पहिल्या पोत्यात हात घातला आणि चिमूटभर चुरा पदराच्या एका टोकाला बांधला. दुसऱ्या पोत्यातला दुसऱ्या टोकाला.

"आजी, हे लिवा लागते मले," बंडू म्हणाला, आणि त्यानं खरंच लिहिलं: दोन चिमटी, आजी.

असा माणूस चोरी करील तर तीही रजिस्टरात लिहील. बंडूवरचा संशय मी तिथंच सोडून दिला.

पण हात रिकामा परत आला नव्हता. पहिल्या पोत्यातल्या मुळांना काळी माती चिकटलेली होती, ढेकळासारखी कडक. बोटांना पांढरे तंतू लागले, कापूस पिंजताना उडतात तसे. दुसऱ्या पोत्यातल्या मुळांना तांबूस मुरूम होता आणि तंतू एकही नाही. मी विचारलं, ही दोन्ही एकाच जागची ना. रश्मी म्हणाली, हो, हिवरखेडच्या पुढची, सातपुड्याच्या पायथ्याची. शेतीपासून लांब असावी म्हणून तीच जागा तिनं ठरवली होती. दुसऱ्या वेळी ती आणि बंडू स्वतः गेले होते. पहिल्या वेळी तिची परीक्षा होती, म्हणून अनुपकाकांनी आणून दिलं. अकोटहून त्यांना ते जवळ पडतं.

त्या पाल्याकडे पाहून मला हसू आलं. मी दुसरीत शाळा सोडली ती बकऱ्यांपायी. सकाळी धुऱ्यावर बकऱ्या सोडायच्या. धुरा म्हणजे शेताचा बांध, पुण्याकडच्यांसाठी सांगते. सुटलेली बकरी आधी कशाला तोंड लावते, तर याच कंबरमोडीला. जिला आम्ही बकऱ्यांच्या तोंडून वाचवू शकलो नाही, तिच्यावर माझी नात पंडित होणार होती.

कपाटातून काही गेलं नव्हतं. तरी पुंजाजी वीस दिवस पुड्या खात होता. मग त्या पुड्यांत होतं काय?

३

रविवारी सकाळच्या एसटीनं मी अकोल्याला गेले.

पुंजाजी खाटेवर बसलेला होता, दोन उशांना टेकून. जानेवारीची थंडी, आणि माझ्या भावाच्या कपाळावर घाम. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ, ती पुसायला उचललेला हात थरथरत होता. डोळ्यांतून पाणी. मी त्याची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे फिरवलं. बुबुळातला काळा ठिपका मोहरीएवढा झालेला होता.

हे असे डोळे मी पूर्वी एकदा पाहिले होते. कुठे, ते त्या वेळी आठवेना. मनात एक कुसळ रुतून बसलं.

"बाई, गरमी निघून राहिली," पुंजाजी म्हणाला. मला तो लहानपणापासून बाई म्हणतो. "रश्मीची दवाई रोगाले भायेर काढून राहिली."

पुड्या कुठे आहेत, विचारलं. त्यानं उशीखाली हात घातला. तीन उरल्या होत्या. कोणाच्या हातून आल्या, तर सांगेना. नाव घेतलं की औषधाचा गुण जातो, असं देणाऱ्यानं बजावलं होतं. हे वैदूंचं जुनं शास्त्र. माझं डोकं फिरलं. छप्पन सालापासून आपल्या घरात देवदेवस्की बंद आहे, मी म्हटलं, आणि तू एसटीचा बिल्लेवाला ड्रायव्हर, तू पुडी देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतो. त्यानं मान फिरवली. मरणाची भीती माणसाला दुसरीतल्या पोराएवढं करते.

एक पुडी मी उघडली. चुरा हिरवट-करडा. पदराची दोन्ही टोकं सोडली आणि शेजारी धरून पाहिलं. पहिल्या टोकातला चुरा आणि पुडीतला चुरा, दोन्हींत तेच पांढरे तंतू. म्हणजे माल पहिल्या पोत्याचाच. पण पहिलं पोतं तर बंडूच्या काट्यावर हिशेबाप्रमाणे पुरं भरलं होतं.

मग मी घरातल्या माणसांकडे वळले.

भावना भांडी घासत होती आणि माझ्या नजरेला नजर देत नव्हती. पुड्या कोण आणतं ते तिला माहीत नव्हतं. सासरे त्या स्वतःच ठेवतात आणि स्वतःच घेतात. दवाखान्याची फाइल मागितली तर तिच्या हातातली परात खाली पडली. फाइल आठ दिवसांपासून सापडत नव्हती.

"तिनंच हरपवली," अनुप दारातून म्हणाला. "सेवेचा कंटाळा आला हिले."

आता मला खरं सांगायचं तर मीही तिच्यावरच संशय घेतला. फाइल गेली की केमोची तारीख गेली, तारीख गेली की म्हातारा गेला. फोनवर तिचं ते कुजबुजणंही मला साळसूद वाटायला लागलं.

अनुपचा राग कालच्यापेक्षा चढलेला होता. बापाचे केस गेले, अन्न जाईना, त्या विषारी बाटल्या मी आता लावू देणार नाही, म्हणाला. मी वाद घातला नाही. सहज विचारावं तसं विचारलं, की दिवाळीच्या आधी इतकं गुणाचं झाड त्याला सापडलं कसं. तेवढ्यानं तो खुलला. लेकराला शाबासकी हवी असते, चाळिशीतल्याही.

"हिवरखेडच्या पुढं, आत्या. पार डोंगराच्या पायथ्याले. गादीवानी पसरलेलं. बकऱ्याही तोंड लावत नव्हत्या त्याले, एवढं कडक."

मी पुड्या पदराला बांधल्या.

मी उठले आणि म्हटलं, पुंजाजीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेते. अनुप दारात आडवा उभा राहिला. फाइलीशिवाय कोणी हात लावणार नाही, म्हणाला.

भावनानं हात पुसले. ज्वारीच्या डब्याचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि खालून फाइल ओढून काढली. ज्वारी फरशीवर सांडत गेली. ती नवऱ्याकडे न पाहता माझ्याशी बोलली.

"हे फाडतो म्हनत होते, आत्याबाई. म्हनून मी लपवली."

४

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पुंजाजीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली, आणि मग भावनाला जो प्रश्न विचारला त्यानं माझ्या मनातलं कुसळ बाहेर आलं.

"यांनी शेतात फवारणी केली का?"

भावना म्हणाली, कसली फवारणी. महिनाभर खाटेवरून न उतरलेला माणूस. पण मला आठवलं. आमच्या शेजारच्या गोदाबाईचा नवरा कपाशीवर दिवसभर फवारणी करून आला होता, तोंडाला फडकंही न बांधता. घाम, लाळ, थरथर, आणि डोळ्यांत मोहरीचे दाणे. त्याला आम्ही बैलगाडीत घातलं होतं. तो गावाच्या वेशीपर्यंतच पुरला.

मी दोन पुड्या डॉक्टरीणबाईच्या हातावर ठेवल्या. एक माझ्याजवळ ठेवली. हे तपासा, म्हटलं, यात पाला आहे, पण नुसता पाला नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी एक तर फार शहाणी किंवा पुरती येडी. मग इंजेक्शनं सुरू झाली.

संध्याकाळी पुंजाजीची लाळ थांबली. डॉक्टरीण म्हणाली, हे फवारणीचंच विष आहे, आणखी चार-सहा दिवस असंच चाललं असतं तर फुप्फुसाच्या रोगाची वाट पाहायची गरज उरली नसती. तो सुधारला की केमो पुन्हा सुरू करता येईल, पण आता एकही तारीख चुकायला नको.

भावना बाकावर बसून रडली. मी तिला रडू दिलं. सकाळी जिच्यावर संशय घेतला तिच्या पाठीवर हात ठेवायला माझा हात लाजत होता.

घरात फवारणीचं औषध नव्हतं. शेत नव्हतं. रश्मीच्या कॉलेजात तर असलं काही येतच नाही. मग माणसाच्या खाटेपर्यंत ते विष चालत आलं कसं? माझ्याजवळ उत्तराची तीन टोकं होती: काळी माती, पांढरे तंतू आणि एक बकरी. गाठ मारायला जागा पाहायची राहिली होती.

५

सोमवारी मी अकोटला गेले. अनुपच्या जिनिंगच्या भिंतीला लागून खुशालरावांचं शेत आहे. जुने कास्तकार, माझ्या नवऱ्याला ओळखणारे. कपाशीची शेवटची वेचणी चालू होती. मी धुऱ्यावर बसले, चहा झाला, तुरीची विचारपूस झाली. तोवर माझे डोळे काम करत होते.

जिनिंगच्या गच्चीवरून कापसाचं पांढरं उडत होतं आणि भिंतीपलीकडच्या सगळ्या झुडपांवर बसत होतं. त्या गच्चीवर जे काही वाळत घालाल, त्याला ते चिकटणारच. खाली माती काळी, ढेकळाची. आणि धुऱ्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कंबरमोडी.

खुशालरावांच्या दोन बकऱ्या खुंट्याला होत्या. मी म्हटलं, एक सोडता का. त्यांना वाटलं म्हातारीला भ्रम झाला, पण सोडली. बकरी धुरा धरून निघाली आणि कंबरमोडी ओरबाडत गेली, जशी माझी जायची. पार विहिरीजवळच्या कोपऱ्यापर्यंत. तिथे कंबरमोडी सगळ्यात दाट होती, गादीवानी. बकरीनं नाक खाली नेलं, शिंकली आणि उलट फिरली.

"ते कोपरं सोडा, बाई," खुशालराव म्हणाले. "तिकडं नोका जाऊ. तिथं औषध असते."

तीन दिवसांपासून आमच्या घरात हाच एक शब्द चालला होता. रश्मीचं औषध, दवाखान्याचं औषध, गुणाचं औषध. मी विचारलं, कोणतं औषध.

"कोनतं म्हंजे? बोंडअळीचं. पंप तिथंच धुतो आमी, टाकीत उरलं ते तिथंच ओततो. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तर रोज."

मी जवळ गेले, पदर नाकाला लावून. कोपऱ्याच्या मधोमध दोन खाटांएवढी जागा अशी होती की तिथली कंबरमोडी बाकीच्यापेक्षा कोवळी होती, नंतर फुटलेली. जुनी रोपं अर्धी मुळासकट उपटलेली होती, बाकीच्यांचे खुंट उरले होते. विळ्यानं कापलेले, एका रेषेत, घाईघाईनं.

खुशालरावांनी काही पाहिलं नव्हतं. मी विचारलंही नाही. बकरीनं साक्ष दिली होती, आणि बकरीला कोणाची भीड नसते.

मी रश्मीला फोन लावला आणि एवढंच विचारलं, की डब्यातल्या पेशींवर बोंडअळीचं औषध टाकलं तर काय होतं.

"मरतात," ती म्हणाली. मग फार हळू, "एका दिवसात मरतात, आजी."

६

मंगळवारी दुपारी दवाखान्याच्या वॉर्डात मी सगळ्यांना उभं केलं. पुंजाजी खाटेवर, हाताला सलाइन. भावना पायथ्याशी. रश्मी अमरावतीहून आली होती, डोळे सुजलेले. अनुप दारात. बापाच्या खाटेपर्यंत जोडे घालून येऊ देत नाहीत, म्हणून जोडे बाहेर काढावे लागले होते त्याला. दवाखान्यानं जे शिकवलं ते मला चाळीस वर्षांत शिकवता आलं नाही.

मी एक-एक टोक उलगडत गेले.

पुडीतला माल पहिल्या पोत्याचा, हे तंतूंनी सांगितलं. पण पोत्यातून हिशेबाबाहेर चिमूटही गेली नव्हती, हे बंडूच्या काट्यानं सांगितलं. पोत्यातून गेलं नाही, याचा अर्थ एकच: ते पोत्यात आलंच नव्हतं. आणणाऱ्यानं आधीच बाजूला काढून ठेवलं होतं. आणणारा एकच होता.

अनुप म्हणाला की त्याच्याजवळ असतं तर तो शनिवारी भीक मागायला अमरावतीला कशाला आला असता.

मलाही तेच वाटलं होतं, मी म्हटलं. मागणाऱ्याच्या घरात वस्तू नसते, असं आपण धरतो. पण उशीखाली तीनच पुड्या उरल्या होत्या. वस्तू संपत आली की माणूस मागायला निघतो. आधी त्यानं थोडं काढून ठेवलं ते उगाच, रश्मी झाड मागते म्हणजे त्यात काहीतरी असेल म्हणून. मग पेपरात चौकट आली आणि त्याला वाटलं, आपल्या कोपऱ्यात संजीवनी पडली आहे. बापाला रश्मीचं नाव सांगितलं, कारण बापाचा भरवसा तिच्यावर. पण पुड्या मीच आणतो हे कोणाला सांगू नका म्हणून बजावलं, कारण ते नाव निघालं असतं तर रश्मीनं पहिला प्रश्न विचारला असता: कुठून आणलं?

आणि तो प्रश्न त्याला नको होता. कारण तो हिवरखेडला गेलाच नव्हता.

डोंगराच्या पायथ्याला मुरूम आहे, काळी माती नाही. कंबरमोडीला तोंड न लावणारी बकरी वऱ्हाडात जन्मली नाही. ती एकाच कोपऱ्यातून परत फिरते, आणि तो कोपरा जिनिंगच्या भिंतीला लागून आहे. तिथे झाड चांगलं वाढलेलं का होतं? कारण कोणी खात नव्हतं. कोणी का खात नव्हतं, हे विचारायला अनुप थांबला नाही. रस्ता खराब होता, वाळवायला गच्ची जवळ होती, आणि अर्ध्या तासात पोतं भरत होतं.

रश्मी भिंतीला टेकली. तिचे पहिले आकडे खरे होते. पेशी खरोखर मेल्या होत्या, फक्त झाडानं नव्हे.

"म्हंजे आपल्या कंबरमोडीनं काहीच केलं नाही, आजी," ती म्हणाली.

तिचं नाव वाचलं होतं आणि तिचा शोध मेला होता, दोन्ही एकाच वेळी. मी तिला म्हटलं की झाडानं काय केलं ते आता तू पहिल्यापासून पाहशील, स्वच्छ मातीतलं घेऊन, आणि काही नाही निघालं तर काही नाही निघालं असंच लिहिशील. बंडूसारखं. तिनं मान हलवली, पण तिच्याकडे बघवत नव्हतं.

पुंजाजीनं इतका वेळ डोळे मिटून घेतले होते. आता त्यानं ते उघडले आणि लेकाकडे पाहिलं. शिवी दिली असती तर अनुपला बरं वाटलं असतं.

अनुप खाली बसला. त्याला बापाला वाचवायचं होतं, तो पुन्हा पुन्हा तेच म्हणाला. आत्या, माह्या मनात वाईट नव्हतं. मग म्हणाला, पोलिसांत द्या मले.

मी खुर्चीवरून उठले नाही. त्याला माझ्यापुढं येऊन बसायला लावलं, आणि वॉर्डातल्या सगळ्या खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"पोलिसांत तुले देत नाही. थे तुले चार दिवस ठेवतीन अन् तू जलमभर सांगशील का मले लोकायनं छळलं. तू खुनी नाही, अनुप. खुनी मानूस तरी काम पुरं करते. तू अर्ध्या वाटेवरून परत फिरला अन् पोचलो म्हनून सांगितलं. बस, एवढंच तुहं पाप, अन् एवढंच तुह्या बापाच्या नरड्याशी आलं. हे सलाइन पाह्य. रश्मीनं तुले सांगितलं होतं, दवाखान्याचं औषधही झाडाच्याच सालीतून निघालं. झाडाचं औषध असंच बापाच्या हाताले लटकलेलं होतं, थे तू तोडलं, अन् धुऱ्यावरचं औषध त्याले पाजलं. उद्या तू समितीपुढं उभा राहशील अन् हे सारं तुह्या तोंडानं सांगशील. त्याच्या आधी माह्या घरी येशील, जोडे भायेर काढशील, अन् माही चटई धुशील. भावनाले आजपासून आवाज चढवून बोलायचा नाही, बाप वाचला तर तिच्या ज्वारीच्या डब्यानं वाचला. अन् पुंजाजी किती दिवस काढते मले मालूम नाही. पन जेवढे काढंल तेवढे दिवस, तू त्याच्यासाठी गोळी आन, भाजी आन, का पान्याची बाटली आन, तो तुले विचारंल, कुठून आनलं. अन् तू दर वेळी त्याले खरं गाव सांगशील."